चिलटाच्या मेंदूतली फुगडी

प्रोटीन डेटा बँकेत '३डीएमके' या क्रमांकाखाली एक रचना ठेवलेली आहे. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाच्या चेतापेशींवर डीस्कॅम नावाचं प्रथिन असतं; त्याच्या टोकाकडच्या आठ डोमेनची, म्हणजे आठ तुकड्यांची, ही स्फटिकरचना. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लॅरी झिपुर्स्की आणि डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटांनी ती २००८ मध्ये 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी रॉब मायर्स, जिया-हुआइ वांग, डिटमार श्मुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रथिनाच्या पहिल्या चार डोमेनची रचना 'नेचर'मध्ये मांडली होती. एकाच कृतीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वाचावा तसे हे दोन शोधनिबंध मी वाचतो. विज्ञानाच्या अंगानं त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यांच्याकडे रचना म्हणून पाहायचं आहे: कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे, तिथेच का ठेवली आहे, आणि ती तिथे नसती तर काय बिघडलं असतं.

असं पाहायला आता प्रयोगशाळा लागत नाही. मी राहतो ते फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, महागाव तालुक्यात. प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडायची देशातली मोठी सोय इंदूरला, इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर आहे. तिथली किरणवाहिनी ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्रानं उभारली. स्फटिक वाढवणारे, किरण सोडणारे, गणित करणारे हात वेगळे. पण रचना एकदा सुटली की तिच्या एकेका अणूचा ठावठिकाणा जगाला खुला होतो. १९७१ मध्ये सात रचनांनिशी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेच्या संग्रहात आज दोन लाखांहून जास्त रचना आहेत, आणि एकीलाही तिकीट नाही. मोबाईलवर क्रमांक टाकला की रेणू पडद्यावर येतो आणि बोटानं फिरवावा तसा फिरतो. कापसाच्या गावात बसून चिलटाच्या मेंदूतलं प्रथिन न्याहाळायला आडकाठी असलीच तर रेंजची.

एक खुलासा आधीच केलेला बरा. इकडे फळमाशी म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे आंब्याला डंख करून आत अंडी घालणारी, मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यात पडणारी माशी येते. ती निराळी. आपली नायिका ड्रोसोफिला मेलानोगास्टर: दोन-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची, काळ्या पडू लागलेल्या केळ्याभोवती हमखास दिसणारी. शंभरेक वर्षं जगभरच्या आनुवंशशास्त्रज्ञांनी पाळलेली.

आता विषय. या चिलटाच्या अळीच्या कातडीखाली काही चेतापेशी आपल्या फांद्या पसरून असतात. एकेका पेशीच्या फांद्या एका पातळीत पसरतात आणि एकमेकींना ओलांडत नाहीत. पण शेजारच्या वेगळ्या जातीच्या पेशीच्या फांद्या त्याच जागेवरून खुशाल जातात; तिथे अडवाअडवी नाही. म्हणजे फांदीला एक गोष्ट पक्की कळते: समोर आलेली फांदी आपलीच की परक्याची. आपली असेल तर बाजूला व्हायचं, परक्याची असेल तर दुर्लक्ष करायचं. मेंदू नावाची गोष्ट जिथून सुरू होते तिथेच हा पेच आहे. फांदीला डोळे नाहीत, मध्यवर्ती नोंदवही नाही. तिच्याजवळ फक्त स्पर्श आहे.

या पेचाचं उत्तर असलेलं जनुक श्मुकर, झिपुर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००० साली जगापुढे आणलं. माणसात त्याचा नातेवाईक आधीच, १९९८ मध्ये, एकविसाव्या गुणसूत्रावर सापडला होता. डाउन सिंड्रोमशी निगडित भागातलं पेशींना चिकटवणारं प्रथिन, यावरून डीस्कॅम हे नाव पडलं. माणसाचं डीस्कॅम तसं साधंसुधं. चिलटाचं मात्र अचाट निघालं. त्याच्या जनुकात चार ठिकाणी पर्याय आहेत: एका जागी १२, दुसऱ्या जागी ४८, तिसऱ्या जागी ३३ आणि शेवटच्या जागी २. जनुकाची प्रत काढून तिची काटछाट होते तेव्हा प्रत्येक जागचा एकच पर्याय राहतो. गुणाकार केला की ३८,०१६ येतात. शेवटचे दोन पर्याय पेशीच्या पटलात बुडालेल्या भागाचे. ते सोडले तर पटलाबाहेर दिसणारी रूपं १९,००८. चिलटाच्या जीनोममध्ये सगळी मिळून जनुकं चौदा हजारांच्या आसपास, आणि एकट्या या जनुकाची रूपं त्याहून जास्त. प्रत्येक पेशी त्यांतली काही थोडीच, दहा ते पन्नासच्या घरात, आणि तीही बरीचशी योगायोगानं उचलते. तोच तिचा शिक्का.

संख्येनं माणूस दिपतो, आणि डीस्कॅमवरचं बहुतेक लिखाण या दिपण्यावरच संपतं. खरा प्रश्न पुढे आहे. एकोणीस हजार रूपं असणं वेगळं आणि त्या प्रत्येक रूपानं फक्त स्वतःच्याच रूपाला धरणं वेगळं. झिपुर्स्की यांच्या प्रयोगशाळेत वोइटोविच आणि सहकाऱ्यांनी २००४ आणि २००७ मध्ये दाखवलं ते हेच: तिन्ही बदलत्या जागा जुळल्या तर घट्ट पकड, एक जरी जुळली नाही तरी पकड जवळजवळ नाहीच. त्यांच्या हिशोबानं १८,०००हून जास्त रूपं अशी स्वतःला धरू शकतात. इतका काटेकोरपणा प्रथिनाच्या अंगात येतो कुठून? याचं उत्तर आकारात होतं, आणि आकार पाहायला स्फटिक हवा होता.

तेव्हा आता आकाराकडे. डीस्कॅम ही लांबलचक साखळी आहे. पटलाबाहेर तिला दहा इम्युनोग्लोब्युलिन डोमेन आणि सहा फायब्रोनेक्टिन डोमेन. डोमेन म्हणजे साखळीचा स्वतंत्रपणे घडी बसणारा तुकडा. इम्युनोग्लोब्युलिनची घडी प्रथिनांच्या जगातली जुनी, मुरलेली घडी आहे: शंभराच्या आसपास अमिनो आम्लं, त्यांच्या सरळ पट्ट्या, पट्ट्यांचे दोन थर एकावर एक, आणि दोन्ही थरांना आतून टाचणारा गंधकाचा बंध. बदलत्या जागा तीन डोमेनमध्ये आहेत: दुसऱ्याचा अर्धा भाग, तिसऱ्याचा अर्धा भाग आणि सातवा जवळपास पूर्ण. बाकीचे डोमेन सगळ्या १९,००८ रूपांत तेच ते. आपण चाळीस कडव्यांची कविता वाचतो आणि फक्त तीन कडवी दर आवृत्तीत बदलतात, असं काहीसं वाटेल. पण या तीन जागा साखळीत एकमेकींपासून दूर आहेत. दुसरा-तिसरा शेजारी आहेत खरे, पण त्यांच्यात जोडणीचा लवचिक सांधा आहे, आणि सातवा तर पार पुढे. सरळ ताणलेल्या साखळीत हे तिघं एकाच वेळी जोडीदाराच्या आपापल्या जुळ्यासमोर येणं अवघड.

२००७ च्या रचनेनं पहिली उकल केली. पहिले चार डोमेन सरळ उभे नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या सांध्यात साखळी वळते आणि उलट फिरून येते. पहिला चौथ्याला टेकतो, दुसरा तिसऱ्याला. आकार घोड्याच्या नालेसारखा. हा आकार नवा नव्हता. १९९८ मध्ये सेक्रोपिया नावाच्या रेशीम-पतंगाच्या हेमोलिन या प्रथिनात तो दिसला होता. भंडारा-गडचिरोलीकडे जंगलात तसरचा कोसा विणणारा किडा या पतंगाच्याच कुळातला. जुनाच आकार, पण डीस्कॅममध्ये त्याचा उपयोग नव्यानं केला आहे. वळणामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या डोमेनचे बदलते भाग नालेच्या दोन बाजूंना दोन वेगळे पृष्ठभाग तयार करतात. मायर्स आणि सहकाऱ्यांनी त्यांना पहिला आणि दुसरा एपिटोप म्हटलं. पहिल्या पृष्ठभागावर जोडीदार बसतो: दुसरा डोमेन दुसऱ्याला भिडतो, तिसरा तिसऱ्याला. दुसरा पृष्ठभाग मोकळाच राहतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

२००८ च्या रचनेत पुढचे चार डोमेन आले आणि दुसरं वळण दिसलं. पाचव्या-सहाव्याच्या दरम्यान साखळी पुन्हा उलटी फिरते. एक वळण या बाजूला, एक त्या बाजूला: आठही डोमेनचा मिळून आकार इंग्रजी 'एस'सारखा. असे दोन 'एस' समोरासमोर येऊन जुळे होतात, आणि त्या जुळ्याला एक सममिती-अक्ष असतो. अक्षाभोवती एका 'एस'ला १८० अंश फिरवलं की तो दुसऱ्यावर बसतो.

मला या कृतीचं मर्म इथे वाटतं. दुहेरी सममितीचा एक नियम आहे. रेणूचा एखादा भाग जोडीदाराच्या त्याच भागाला भिडायचा असेल, तर ती भेट अक्षावरच व्हावी लागते. अक्षापासून दूर कुठेही गेलात की समोर दुसराच भाग येतो. दुसऱ्यानं दुसऱ्याला, तिसऱ्यानं तिसऱ्याला आणि सातव्यानं सातव्याला भिडायचं, तर साखळीत एकमेकांपासून दूर असलेले हे तिन्ही भाग एकाच सरळ रेषेवर आणून ठेवायला हवेत. दोन्ही वळणं त्यासाठी आहेत. 'एस' हा आकार सजावटीचा नाही. तीन दूरच्या जागांना एका रेषेवर आणायची ती युक्ती आहे.

फुगडी आठवा. समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोघींनी हात नुसते पुढे केले तर एकीच्या उजव्या हातात दुसरीचा डावा येतो. फुगडीत मात्र हातांची अढी घालतात, म्हणून उजवा उजव्याला सापडतो आणि डावा डाव्याला. आणि या दोन्ही पकडी दोघींच्या बरोबर मध्ये, ज्या उभ्या रेषेभोवती त्या गरगर फिरतात तिच्यावरच येतात. अढी घातली नाही तर उजव्याला उजवा मिळणार नाही. डीस्कॅमची दोन वळणं म्हणजे ही अढी. फरक एवढाच, की इथे पकडी दोन नसून तीन आहेत आणि तिन्ही एकदम लागल्याशिवाय फेर धरला जात नाही.

आता आणखी जवळ जाऊ, एकाच पकडीपाशी. दुसऱ्या डोमेनच्या कडेची एक पट्टी जोडीदाराच्या नेमक्या त्याच पट्टीशेजारी पडते, पण उलट दिशेनं. हिच्या सुरुवातीसमोर तिचा शेवट, हिच्या शेवटासमोर तिची सुरुवात. पट्टी तीच, अमिनो आम्लांचा क्रम तोच. फक्त वाचायची दिशा विरुद्ध. यातून एक विलक्षण बंधन तयार होतं. समजा, पट्टीच्या एका टोकाला धनभार असलेलं लायसिन आहे. उलटी पट्टी समोर आली की त्याच्यापुढे पट्टीचं दुसरं टोक येणार. म्हणजे त्या दुसऱ्या टोकाला ऋणभार असलेलं ग्लुटामेट असेल तर जमलं; तिथेही लायसिनच असेल तर दोघं एकमेकांना ढकलणार. प्रत्येक पट्टीला स्वतःच्या उलट्या रूपाशी जमवून घ्यावं लागतं. एका टोकाला जे लिहिलं त्याचं उत्तर दुसऱ्या टोकाला लिहिलेलं हवं.

आणि मधोमध? अक्ष पट्टीच्या मध्यातून जातो तिथे पळवाट नाही. तिथल्या अमिनो आम्लासमोर तेच अमिनो आम्ल येतं, तोच भार, तीच लांबी. भारित असेल तर प्रतिकर्षण ठरलेलं. रचनेचा सगळा ताण या एका बिंदूवर गोळा होतो, आणि कुठल्याही चांगल्या कृतीत असतं तसं इथेही ताणाच्या जागीच अर्थ आहे. २०१६ मध्ये चीनमधल्या छियांग चेन यांच्या गटानं डीस्कॅमच्या वेगवेगळ्या तुकड्यांच्या आणखी बारा स्फटिकरचना 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये मांडल्या. दुसऱ्या डोमेनची ओळख ठरते ती सममितीच्या केंद्राशी असलेल्या छोट्याशा अनुक्रमावर, असं त्यांना दिसलं. आणि तिथलं विद्युत प्रतिकर्षण मोडून काढायचे दोन वेगळे मार्गही त्यांना वेगवेगळ्या रूपांत सापडले. जिथे स्वतःला टाळता येत नाही, नेमकी तिथेच स्वतःची ओळख ठेवलेली आहे.

यावरून मला जे म्हणायचं आहे ते असं: डीस्कॅममधली सममिती ही शोभा नसून काटकसर आहे, आणि ती एकोणीस हजारांची संख्या या काटकसरीतून आली आहे. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली तेव्हापासून रेणूंची ओळख म्हटली की आपल्या मनात दोन वेगळ्या वस्तू येतात. अशा व्यवस्थेत नवं कुलूप घडवायचं तर त्याची किल्लीही घडवावी लागते. एकीत बदल झाला आणि दुसरीत झाला नाही तर दोन्ही फुकट. एकोणीस हजार कुलपांना एकोणीस हजार किल्ल्या लागल्या असत्या, आणि त्या योग्य पेशीच्या हाती पडतील अशी तजवीजही. सममित जुळ्यात ही दुसरी बाजूच नाही. ४८ पर्यायांच्या रांगेत एकोणपन्नासावा आला, तर त्याचा जोडीदार त्याच्यासोबतच जन्माला आलेला असतो. अट एकच: त्याला स्वतःच्या उलट्या रूपाशी जमलं पाहिजे. शिवाय तिन्ही पकडी एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे बेरजेऐवजी गुणाकार होतो. १२, ४८ आणि ३३ मिळून ९३ तुकडे, रूपं १९,००८.

प्रतिपिंडांशी तुलना केली की हे अधिक खुलतं, कारण तिथेही घडी तीच, इम्युनोग्लोब्युलिनचीच. प्रतिपिंडात बदल ठेवलेला असतो तो घडीच्या टोकाशी असलेल्या सैलसर वेटोळ्यांत. वेटोळं वाकतं, जुळवून घेतं. परक्याला धरायचं असेल तर असा सैलपणा कामाचा. दिनकर साळुंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत प्रतिपिंड आणि पेप्टाइड यांच्या स्फटिकरचनांतून हा लवचिकपणा बारकाईनं अभ्यासला आहे. डीस्कॅमनं उलट केलं. बदल वेटोळ्यांत न ठेवता घडीच्या ताठ पट्ट्यांत ठेवला. पट्टी वाकत नाही, जुळवून घेत नाही. प्रतिपिंडाला कोणता परका येईल ते ठाऊक नसतं, म्हणून त्याला मन मोठं ठेवावं लागतं. डीस्कॅमला फक्त स्वतःला ओळखायचं आहे, म्हणून त्याला हट्टी राहणं परवडतं.

कृतीचा आशय मात्र या पकडीच्या पुढे आहे, आणि त्यात एक सुंदर विरोध आहे. हे चिकटवणारं प्रथिन, नावातच चिकटणं. पण अळीच्या चेतापेशीत ते करतं काय? २००७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की पेशीतून डीस्कॅम काढून टाकलं की तिच्या फांद्या एकमेकींना ओलांडतात, गुंततात. आणि एरवी एकमेकींकडे दुर्लक्ष करणाऱ्या दोन पेशींना डीस्कॅमचं एकच रूप दिलं, तर त्या एकमेकींना टाळू लागतात. म्हणजे दोन फांद्या भेटतात, तिन्ही पकडी लागतात, आणि त्या पकडीचा निरोप आत जाताच फांद्या मागे सरतात. धरणं हे इथे सोडण्याचं कारण आहे. आपलं माणूस ओळखल्यावर मिठी मारायची नसून वाट सोडायची आहे, कारण एकाच पेशीच्या दोन फांद्यांनी एकाच जागेवर काम करणं म्हणजे मेहनत वाया.

एवढी रूपं कशाला, हेही आता ढोबळ गणितानं पाहता येतं. समजा, प्रत्येक पेशीनं पंधरा रूपं उचलली आणि सगळी रूपं सारख्याच शक्यतेनं निवडली जातात. दोन परक्या पेशींत एखादं रूप सामाईक निघण्याची अपेक्षा १५ गुणिले १५ भागिले १९,००८, म्हणजे शंभरात साधारण एक. एकूण रूपं १,१५२ च असती तर हाच आकडा शंभरात वीसच्या आसपास जातो, आणि परक्यांना आपलं समजण्याचे प्रसंग वाढतात. २००९ मध्ये हातोरी, झिपुर्स्की आणि सहकाऱ्यांनी जनुकातले पर्याय कापून अशी चिलटं खरोखरच बनवली. १,१५२ रूपांवर गडबड दिसली. ४,७५२ रूपं असलेल्या चिलटाच्या फांद्या निसर्गातल्या चिलटासारख्याच निघाल्या. हजारो रूपं खरोखर लागतात, आणि उरलेली गंगाजळी आहे.

आता दोष, किंवा मर्यादा म्हणा. स्फटिकात रेणू दाटीवाटीनं रचलेले असतात. तिथे दोन रेणू शेजारी आले म्हणजे जिवंत पेशीतही ते तसेच भेटतात असं नाही. हा आक्षेप रास्त आहे. मायर्स आणि सहकाऱ्यांनी त्याला प्रयोगानं उत्तर दिलं: पट्टीचे तुकडे एका रूपातून काढून दुसऱ्यात बसवले, तेव्हा पूर्ण लांबीच्या प्रथिनाची ओळखही तुकड्याबरोबर बदलली. २००८ च्या रचनेत एकच रूप होतं. बाकीची रूपंही अशीच जुळतात का, हा वाद राहिला होता. २०१६ च्या बारा रचनांनी तो बराचसा मिटवला: सगळीकडे जुळणीची भूमिती तीच निघाली. तिसरी मर्यादा मोठी. स्फटिकात आहेत सोळापैकी पहिले आठ डोमेन. पटल नाही, पटलापलीकडची शेपटी नाही, आणि मागे सरण्याचा निरोप त्या शेपटीतूनच जातो. म्हणजे कृतीतलं धरणं आपल्याला अणूंच्या पातळीवर दिसतं. सोडणं या रचनेबाहेर राहतं.

मोकळा राहिलेला दुसरा पृष्ठभागही या प्रश्नांत येतो. तिथेही विविधता आहे, पण स्वतःशी जुळणारी नाही. त्या जागांवर उत्क्रांतीनं जुळणी जपलेली दिसत नाही. चिलटाच्या रक्तपेशींत डीस्कॅमची कित्येक रूपं असतात, आणि मलेरियाच्या ॲनोफिलिस डासातही हे जनुक अशाच हजारो रूपांचं आहे. दुसरा पृष्ठभाग जंतूंसारख्या परक्यांसाठी राखून ठेवला असावा, असा एक विचार यातून पुढे आला. एका बाजूनं स्वतःला, दुसऱ्या बाजूनं परक्याला ओळखणारा रेणू. कल्पना मोहक आहे, पण पहिल्या बाजूइतका भक्कम पुरावा तिला अजून नाही.

चिलटाच्या चिकटणाऱ्या प्रथिनांच्या रचना याआधीही झाल्या होत्या. १९९४ मध्ये पामेला ब्योर्कमन यांच्या गटानं न्यूरोग्लियनचे दोन फायब्रोनेक्टिन डोमेन दाखवले; २००३ मध्ये एरहार्ड होहेनेस्टर यांच्या गटानं फॅसिक्लिन-१ मध्ये तोवर न पाहिलेली घडीच दाखवली. दोन्ही देखण्या. पण त्यांत घडी पाहायला मिळते. डीस्कॅममध्ये घडीचं प्रयोजन पाहायला मिळतं. खरी तोलामोलाची तुलना आहे ती आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांशी. आपलं डीस्कॅम असं हजाररूपी नाही. तरीही आपल्या चेतापेशींना तोच पेच सोडवावा लागतो, आणि तो प्रोटोकॅडहेरिन नावाच्या अगदी वेगळ्या कुळातली प्रथिनं सोडवतात. उंदरात त्यांची ५८ जनुकं आहेत. त्यांच्या रचना २०१५-१६ च्या सुमारास आल्या तेव्हा त्यांतही दोन रेणू समोरासमोर, उलट दिशेनं, स्वतःशीच जुळलेले दिसले. घडी निराळी, कूळ निराळं, उपाय तोच. डीस्कॅमची सममिती हा योगायोग नव्हे, पेचानंच मागितलेलं ते उत्तर आहे, याला यापेक्षा चांगली साक्ष कोणती?

आपल्याकडे चिलटाच्या चेतापेशींचा अभ्यास नवा नाही. ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. तिथेच पुढे व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटाला वास कसा कळतो आणि वासाच्या चेतापेशी मेंदूत आपापल्या ठिकाणी कशा पोचतात, यावर कुलाब्यात बसून जगानं दखल घ्यावी असं काम केलं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आणि आयसरमध्येही चिलटं पाळणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. त्यामुळे हा रेणू परदेशी म्हणून बाजूला सारायचं कारण नाही. त्याचा अभ्यास करणारी परंपरा एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

ज्यांना ही कृती स्वतः वाचायची असेल त्यांनी '३डीएमके' उघडावी. पडद्यावर आधी रंगीबेरंगी गुंता दिसेल; घाबरू नये. दोन साखळ्यांना दोन रंग द्यावेत, दुसरा, तिसरा आणि सातवा डोमेन तेवढे गडद करावेत आणि रेणू सावकाश फिरवावा. कुठल्याशा एका कोनात दोन्ही 'एस' एकमेकांची उलटी रूपं म्हणून दिसतील, आणि तिन्ही गडद जोड्या एका रेषेवर येतील. मग दुसऱ्या डोमेनच्या जोडीपाशी जवळ जावं, अक्ष जिथून जातो तिथे थांबावं आणि समोरासमोर आलेली अमिनो आम्लं एकेक करून मोजावीत: हिचं पहिलं, तिचं शेवटचं, हिचं दुसरं, तिचं शेवटून दुसरं. मधल्यापाशी पोचलात की हिशोब पुरा होतो. १९,००८ हा आकडा मग पाठ करायची गरज उरत नाही; तो कसा शक्य झाला ते दिसलेलं असतं.